खुळखुळ्यावरचा कोरा ठसा

मी हे कोणाला पटवून द्यायला लिहीत नाहीये.

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. पण यातला एकही माणूस मी मनाने रचलेला नाही. त्यातली एक जण तर आत्ता, मी हे लिहीत असताना, बाजूच्या खोलीत वावरते आहे.

मला तिची चाहूल लागत नाही.

का लागत नाही, तेच सांगायचं आहे.

मार्च २००१. रायपूर. पुरानी बस्तीतलं माझं माहेर. छत्तीसगड वेगळं होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. गावाची एकदम राजधानी झाली होती. भोपाळहून आलेले साहेब लोक, लाल दिव्याच्या गाड्या, जिकडे तिकडे खोदलेले रस्ते. सगळीकडे नुसता गोंगाट.

आणि एक आधीच सांगते. या हकिकतीत रात्र नाही. जे झालं ते भरदुपारी झालं. तीनच्या सुमारास. ऊन पांढरं पडलेलं असताना.

माझं नाव गंधाली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. माझी मुलगी मीरा साडेतीन महिन्यांची होती. माझे मिस्टर निरंजन बिलासपूरला रेल्वेत होते. दर रविवारी यायचे.

घरात आई, बाबा, मी आणि मीरा. एवढेच.

बाबांचं नाव नीलकंठ. सदर बाजारात त्यांचं चांदीचं लहानसं दुकान होतं. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरकडून इकडे आलेलं. दागिने घडवण्याचं काम आजोबांबरोबर संपलं. बाबांना वेगळंच वेड होतं.

जुनी चांदी ओळखायचं.

इंग्रजांच्या काळातल्या भांड्यांच्या तळाशी बारीक ठसे असतात. तांदळाच्या दाण्याएवढे. बाबा भिंग डोळ्याला लावून ते वाचायचे. चालता सिंह असला तर चांदी अस्सल. जहाजाचा नांगर असला तर बर्मिंगहॅमची. राणीचं डोकं म्हणजे कर भरलेला. एखादं अक्षर असलं तर ते वर्षाचं. आणि पाचवा ठसा कारागिराचा. बहुतेक त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं.

"चार ठसे सरकारचे आणि एक माणसाचा," बाबा सांगायचे. "मले तो पाचवाच आवडते."

ठसा झिजलेला असला तर ते भांडं मेणबत्तीवर धरायचे. काजळी बसली की वर सेलोटेप दाबायची, अलगद उचलायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. ठसा कागदावर उमटायचा. अशा ठशांनी त्यांची एक जाड वही भरली होती. लहानपणी मी त्या वहीवर बोट फिरवत बसायचे. कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, कोणाचा... बाबा न बघता सांगायचे.

सोमवार होता. १२ मार्च. होळी होऊन दोनच दिवस झाले होते. जिन्याच्या भिंतीवर गुलालाचे हात तसेच होते.

तात्यापारा मोहल्ल्यातले नरहर भाऊ आले. बाबांच्याच वयाचे. शाळेतून रिटायर झालेले. ते दुकानात न जाता सरळ घरी आले, याचंच मला नवल वाटलं.

त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली.

खुळखुळा.

चांदीचा, वीतभर लांब. एका टोकाला शिटी. दुसऱ्या टोकाला लाल पोवळं, बाळाने चावायला. मध्ये गोल आठ घुंगरं.

"घरच्या जुन्या पेटीत निघाला, नीलकंठ भैया," ते म्हणाले. "साफसफाई करून राहिलो होतो."

बाबांनी तो हातात घेतला. हलवला.

घुंगरं हलली. आतले दाणे फटीतून दिसत होते, तेही हलले.

आवाज आला नाही...

बाबांनी पुन्हा हलवला. जोरात. मग शिटी तोंडाला लावून फुंकली. मी समोरच बसले होते. फुंकर माझ्या हाताला लागली.

पण शिटी वाजली नाही.

"बुजली असन," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"नाही वं. हवा आरपार जाऊन राहिली." बाबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी खुळखुळा फरशीवर नखभर उंचीवरून सोडला. चांदीला एक नाद असतो. जाणकार माणूस त्यावरून कस सांगतो.

खुळखुळा फरशीवर पडला. कापूस पडल्यासारखा.

बाबांनी खिशातून भिंग काढलं. खिडकीपाशी गेले. "सिंह आहे... नांगर आहे... राणी आहे. वर्षाचं अक्षरही साफ आहे. एकशेवीस वर्षांचा तरी असन."

मग त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा वाकून पाहिलं.

बराच वेळ.

"गंधाली, इकडे ये. पाह्य बरं, काय दिसते तुले?"

मी भिंगातून पाहिलं. कारागिराच्या नावाच्या जागी एक लहानसा लंबगोल होता. चौकट अगदी रेखीव. आत काहीच नव्हतं.

"झिजला असेल, बाबा."

"झिजला असता तर पहिले धार गेली असती. ही धार पाह्य. कोरी आहे. काल मारल्यासारखी. हा ठसा कोणी तरी रिकामाच मारला."

"कोणाचा आहे?" नरहर भाऊंनी विचारलं.

"माहीत नाही."

"नाव निघन का?"

"पाहू."

"नाव काढाच भैया. कसंही करून काढा." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. तेव्हा मला ते कळलं नाही. चहा तसाच टाकून ते उठले आणि भराभर जिना उतरून गेले. खुळखुळा आमच्याकडेच राहिला.

बाबांना जेवणाचंही भान नव्हतं. त्यांनी मेणबत्ती लावली. काजळी धरली, टेप दाबली, उचलली, वहीत चिकटवली. पानावर एक काळा लंबगोल उमटला. खाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं... 'कारागीर अज्ञात.'

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि तेव्हाच...

टक्.

एकच. लहान हातोडी लोखंडी खिळ्यावर मारावी तसा. घरातच कुठेतरी.

"काय पडलं?" आईने विचारलं.

काहीच पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पूजेला बसली. मी मीराला मांडीवर घेऊन तिथेच होते. आईने आरती सुरू केली. घंटी उचलली, हलवली.

घंटी वाजली नाही.

आतला लोलक कडेवर आपटताना मला दिसत होतं. आई आरती म्हणता म्हणता थांबली. घंटीकडे पाहत राहिली.

"काहून वाजत नाही ही?"

घंटी पितळेची होती. आईच्या लग्नातली. बाबांनी ती उलटी करून भिंग लावलं. कडेला, आतल्या बाजूने, एक बारीक लंबगोल होता.

रिकामा.

बाबांनी घंटी खाली ठेवली. आईला काहीच सांगितलं नाही. मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राह्य. त्याच दिवशी त्यांनी खुळखुळा दुकानात नेऊन तिजोरीत बंद केला.

गुरुवारी दुपारी मी पडले होते. मीरा शेजारी झोपली होती.

टक्.

मी उठून बसले. या वेळी आवाज स्वयंपाकघरातून आला होता.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. आई धावली. कुकर गॅसवर होता. शिटी उचललेली, वाफ जोरात बाहेर फेकली जात होती. सगळी खिडकी धुरकट झाली होती. आणि कुकर तोंडातून हूं की चूं करत नव्हता.

"अवं माय... हे काय होऊन राहिलं गंधाली?"

झाकणावर, मुठीच्या जवळ, तोच लंबगोल.

खुळखुळा तिकडे तिजोरीत होता.

त्या संध्याकाळी बाबांनी वहीतलं ते पान फाडलं. गच्चीवर नेऊन जाळलं. राख नळाखाली धुतली. जेवताना आम्ही तिघंही मुद्दाम जोरजोरात बोलत होतो. ताटं आपटत होतो. कशाचा आवाज येतो, कशाचा येत नाही, हे प्रत्येक जण चोरून तपासत होता.

रविवारी निरंजन येणार होते. अकराची वेळ सांगितली होती. बारा वाजले, एक वाजला. मला वाटलं गाडी लेट असेल. शेवटी मी सहज दार उघडलं.

ते दारात उभे होते. घामाने निथळलेले. डोळे लाल.

"क्या हो गया तुम लोगों को? दो घंटे से कडी वाजवून राहिलो मी! दार पिटून पिटून हात सुजले!"

त्यांचे तळवे खरंच सुजले होते.

मी दाराला आतून, बिजागरीपाशी, बोटाने चाचपलं. लंबगोल लागला.

निरंजनना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण त्यांनी मानलंही नाही. म्हणाले, "घर पुराना है. मीराला घेऊन चल बिलासपूरला. आजच चल."

मी आज कोणाला खरं सांगत असेन तर ते एवढंच सांगते. मी तेव्हा निघायला पाहिजे होतं.

पण आई रडायला लागली. म्हणाली, चौथा महिना संपू दे, पाठवणीच्या साड्या पंडरीच्या कापड बाजारातून आणायच्या राहिल्यात, रिकाम्या हाताने कशी पाठवू पोरीला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ.

पुढचा रविवार.

सोमवारी मी मीराला आंघोळ घालून पावडर लावत होते. तिच्या पायात चांदीचे वाळे होते, बाबांनी स्वतः घातलेले. ती पाय झाडायची आणि वाळे छुमछुम करायचे. ती स्वतःच दचकायची आणि खुदकन हसायची. तोच तिचा खेळ होता.

त्या दिवशी ती पाय झाडत होती...

आणि एकाच पायातला वाळा वाजत होता.

मी किंचाळले. बाबा धावत आले. त्यांनी तो वाळा काढला, पण भिंग लावलं नाही. आता भिंगाची गरज नव्हती. त्यांनी दुसराही काढला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या बापाला मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. पन्नास वर्षं ज्याने प्रत्येक ठशाला नाव दिलं होतं, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला काहीही सापडेना.

"चाल," ते म्हणाले. "नरहरकडे."

मीराला आईपाशी ठेवून आम्ही तात्यापाऱ्यात गेलो.

नरहर भाऊंनी दार उघडलं. आम्हाला पाहून त्यांनी मान खाली घातली. जणू आमचीच वाट पाहत होते.

"नाव निघालं का भैया?"

"घे हे तुझं." बाबांनी खुळखुळा पुढे केला. "आमच्या घरातलं एकेक मुकं होऊन राहिलं. तुले माहीत होतं ना?"

नरहर भाऊंनी हात मागे घेतले.

तेवढ्यात आतल्या दारात त्यांच्या पत्नी येऊन उभ्या राहिल्या. शारदाकाकू. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. बोलायला लागल्या की गल्लीतले लोक खिडकी लावायचे, इतका मोठा आवाज.

त्यांनी मला पाहिलं आणि बोलायला लागल्या. हातवारे करून, घाईघाईने. ओठ हलत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

काहीही ऐकू येत नव्हतं.

त्यांच्या हातात बांगड्या होत्या. डझनभर काचेच्या. हात हलत होते, बांगड्या एकमेकींवर आदळत होत्या.

काहीही नाही.

"दसऱ्यापासून असंच आहे," नरहर भाऊ म्हणाले. "डॉक्टर म्हणतात गळ्यात काही दोष नाही. पहिले घरातल्या वस्तू गेल्या... मंग ही." त्यांनी काकूंकडे हात केला. "मले वाटलं तुम्ही ठसे वाचता. कोणाचा आहे ते कळलं तर जाऊन त्याचे पाय धरीन. म्हणून आणला भैया. दुसरं मनात काही नव्हतं."

"माझ्या घरात तान्हं लेकरू आहे, नरहर."

"मले माहीत नव्हतं."

"जिन्यात दुपटी वाळत होती. तुले दिसली नाहीत?"

नरहर भाऊ रडायला लागले. शारदाकाकू भिंतीला टेकून अजून बोलतच होत्या. काय सांगत होत्या कोण जाणे. मी निघेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

परत येताना रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "वितळवतो याले."

बुधवार. २१ मार्च.

भनपुरीला बाबांच्या ओळखीच्या एकाची भट्टी होती. बाबा जेवून निघाले. जाताना मीराच्या गालाला हात लावला. ती त्यांचं बोट धरून चोखायला लागली. त्यांनी हळूच सोडवून घेतलं.

मी सगळी दुपार मीराला मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिच्या अंगावर धातूचं काहीच नव्हतं. कानात नाही, कमरेला नाही. आई दार बंद करून माझ्यासमोर बसली होती. आम्ही दोघी घड्याळाकडे पाहत होतो. ते अजून वाजत होतं.

अडीच वाजले.

पावणेतीन.

मीरा भुकेने रडायला लागली. एरवी मी लगेच घेतलं असतं. त्या दिवशी मी क्षणभर तिला रडू दिलं. तिचा आवाज ऐकून बरं वाटत होतं. मोठा, चिरका, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज. आई हसली सुद्धा. म्हणाली, "शारदेवर गेली वाटते पोट्टी."

तीन वाजून दहा मिनिटं...

टक्.

कुठून आला ते मला शोधावं लागलं नाही. तो माझ्या मांडीतून आला.

मीरा रडतच होती. तोंड उघडं. जीभ थरथरत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी. चेहरा लालबुंद.

आवाज बंद झाला होता.

मी तिला हलवलं. पाठीवर थापट्या मारल्या. माझ्या थापटीचाही आवाज येत नव्हता. मी हात आईच्या पाठीवर मारून पाहिला, वेड्यासारखा. तो वाजला. पुन्हा मीराच्या पाठीवर... नाही.

आई ओरडत होती, मी ओरडत होते. आणि आमच्या दोघींच्या मध्ये ते लेकरू जिवाच्या आकांताने रडत होतं, आणि तिथे एक शांतता होती.

पाचच्या सुमारास जिन्यात बाबांची पावलं वाजली. भरभर, दोन दोन पायऱ्या चढत. ते खालूनच ओरडत होते.

"गंधाली! झालं बेटा! वितळला! पाणी झालं त्याचं!"

ते दारात आले. मला पाहिलं. मीराला पाहिलं. ती दमून झोपली होती, हुंदके देत. छाती उडत होती.

मी तिचा डावा पाय फक्त वर धरला.

टाचेवर, तळाच्या बाजूने, एक लंबगोल होता. जखम नव्हती. रक्त नव्हतं. ओल्या मातीवर दाबावा तसा.

बाबा खाली बसले. सवयीने हात खिशात गेला. भिंग काढलं, डोळ्याला लावलं. आपल्या नातीच्या टाचेवर वाकले.

खूप वेळ वाकून राहिले.

"बाबा?"

"धार कोरी आहे," ते म्हणाले.

भिंग त्यांच्या हातातून गळून फरशीवर पडलं आणि फुटलं.

भट्टीवर काय झालं ते त्यांनी मला खूप दिवसांनी सांगितलं. चांदी थंड होताना तडतडते, वरून बारीक थेंब उडतात. ही तडतडली नाही. साच्यातून वीट काढली तेव्हा वरची बाजू आरशासारखी होती. मधोमध लंबगोल. तिथे ठसा मारायला कोणी नव्हतं. ती वीट बाबांनी तिथेच टाकली. नंतर भट्टीवाल्याने ती कोणाला दिली, कुठे गेली, हे कधी कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

त्यानंतर आमच्या घरात पुन्हा 'टक्' झालं नाही.

एकदाही नाही.

रायपूर, नागपूर, मुंबई... सगळीकडे दाखवलं. कान ठीक. घसा ठीक. फुफ्फुसं ठीक. एका मोठ्या डॉक्टरांनी मीराला टेबलावर बसवून गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला. हातोडीचा आवाज आला नाही. त्यांनी हातोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि फाइल बंद करून म्हणाले, "इन्हें घर ले जाइए."

निरंजन वाईट माणूस नव्हते. तीन वर्षं त्यांनी प्रयत्न केला. ते म्हणायचे, मुलगी मुकी असती तर मी सांभाळलं असतं, पण ती मागे येऊन उभी राहते आणि मला कळत नाही. ती जिन्यावरून पडली, मी शेजारच्या खोलीत होतो, मला कळलं नाही. पुढे त्यांनी लांबची बदली मागून घेतली. पैसे पाठवत राहिले. आले नाहीत.

बाबांनी दुकान काढून टाकलं. पण वही सोडली नाही. रोज पत्रं लिहायचे. कोलकात्याला, मद्रासला, विलायतेला. जुन्या चांदीवर काम करणारा जो कोणी माहीत होईल त्याला. लंबगोल, आत कोरा, धार स्पष्ट... आपण कुठे पाहिला आहे का? बहुतेकांनी उत्तर दिलं. सगळ्यांनी एकच दिलं. नाही.

२००९ मध्ये ते गेले. शेवटच्या दिवशी मीरा त्यांच्या उशाशी बसून होती. तिने त्यांच्या तोंडात पाणी घातलं. ते तिला म्हणाले, "माफ कर बेटा, मले वाचता नाही आलं." आई त्यांच्या मागे दोन वर्षांत गेली.

मीरा आता चोवीस वर्षांची आहे.

हुशार आहे. नवा रायपूरला एका ऑफिसात कंप्युटरवर डिझाइनचं काम करते. हातांच्या खुणांनी बोलते, मोबाइलवर लिहिते, खूप विनोदी लिहिते. हसते तेव्हा डोळे मिटून हसते. चालते तेव्हा पाऊल वाजत नाही. पैंजण घातले तर माझ्या हातात वाजतात, तिच्या पायात नाही. मी चोवीस वर्षं तिच्याच खोलीत झोपते आहे. एक हात तिच्यावर ठेवून. तिला रात्री काही झालं, तिने हाक मारली, तर मला दुसऱ्या कशाने कळणार?

गेल्या वर्षी ऑफिसमधल्या गौतमने तिला मागणी घातली. भिलाईचा मुलगा. तिच्यासाठी खुणांची भाषा शिकला. त्याची आई साधी, बोलघेवडी बाई. मी त्यांना सांगितलं, मुलीला वाचा नाही. त्या म्हणाल्या, "मग काय झालं ताई? मी आहे ना बोलायला."

बाकीचं मी सांगितलं नाही.

सांगायचं ठरवून तीनदा भिलाईला गेले. तीनदा चहा पिऊन परत आले. मीराला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. आणि चोवीस वर्षं काही झालं नव्हतं. संपलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या जिन्यात उभं राहून नरहर भाऊंनीही स्वतःला काहीतरी सांगितलंच असेल.

मागच्या महिन्यात सुपारी फुटली. मीराने त्यांच्या देवघरात दिवा लावला. सगळ्यांच्या पाया पडली.

चार दिवसांनी गौतमच्या आईचा फोन आला. दुपारी, तीनच्या सुमारास. मी जेवून भांडी आवरत होते.

"ताई, लग्नाचं बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "हॉल मिळून राहिला मे महिन्यात. आणि एक गंमत सांगू का, आमच्याकडे ना सकाळपासून..."

आणि थांबल्या.

मला वाटलं लाइन गेली.

लाइन गेली नव्हती. त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. बाहेर कोणी भाजीवाला ओरडत होता, तो ऐकू येत होता. लांब कुठेतरी टीव्ही चालू होता.

"हॅलो?" मी म्हटलं. "ताई?"

पंखा फिरत होता.

फोन कोणाच्या तरी तोंडाशी अगदी जवळ धरलेला होता, एवढं मला कळत होतं. का कळत होतं ते सांगता येत नाही. कोणीतरी मला काहीतरी सांगत होतं. जोरजोरात सांगत होतं.

मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर तिकडून सहा मिस्ड कॉल आलेत. मीरा मला विचारते आहे, आई, त्यांना फोन का करत नाहीस?

मी अजून केलेला नाही.